आप्पांचा करदोडा माझ्या कमरेला

मी एक जुना एप्रन आहे. मित्रांनो, शिरूरहून पुण्याकडे जाताना रस्त्यालगत एक इस्पितळ लागतं, तिथल्या एका लहानशा खोलीत दारामागच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. एप्रन हे माझं मूळचं नाव, पण सगळे मला कापडी पोट म्हणतात. माझ्यात जुन्या गादीचा कापूस भरला आहे. मधोमध बेंबीच्या जागी एक बटण आहे, आणि बटणाच्या उजवीकडे लाल मखमलीचं एक बोंड टाचलेलं आहे. ते बोंड पाहिलं की भली भली माणसं मान फिरवतात. तुम्ही फिरवू नका, कारण माझी सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच आहे.

मला इथल्या सुमैया सिस्टरांनी शिवलं. मखमल त्यांच्या लग्नातल्या बटव्याची. आपल्या पोटात लघवी साठवणारी एक पिशवी असते, तिला मूत्राशय म्हणतात. तिथं कॅन्सर होऊन खोल गेला, तर कधी कधी ती पिशवीच काढावी लागते. मग आतड्याचा छोटा तुकडा घेऊन डॉक्टर लघवीला पोटावरून नवी वाट करून देतात. त्या वाटेचं तोंड असं लालचुटूक दिसतं. त्यावर बाहेरून एक पिशवी चिकटवायची आणि भरली की रिकामी करायची, जन्मभर. सत्तरीच्या माणसाला हे नुसतं तोंडानं सांगून कळत नाही. म्हणून सिस्टर मला त्याच्या पोटावर बांधायच्या, बोंडावर पिशवी चिकटवून तिच्यात पाणी भरायच्या आणि म्हणायच्या, "आता चाला. बसा. वाका." ऑपरेशनच्या आधीच माणसाची सवय सुरू व्हायची. सगळे माझं कौतुक करायचे, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

मग एका खोक्यातून गुलाबी प्लॅस्टिकचं पोट आलं. दिसायला अगदी खरं. माझी रवानगी कपाटात, फिनेलच्या बाटल्यांशेजारी झाली. ते गुलाबी पोट टेबलावर पडून असायचं. म्हातारी माणसं त्याला बोटानं टोकायची, "बरं बरं" म्हणायची आणि आली तशी घाबरलेलीच परत जायची. कपाटाच्या फटीतून मी हे पाहत होतो आणि मनातल्या मनात खूश होत होतो. ती खुशी गेणबांनी घालवली.

गेणबा कवठे येमाई गावचे, वय बहात्तर. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर रजेवर होत्या. याच खोलीत गेणबांना हिरवा गाऊन घालायला दिला. त्यांच्या कमरेला काळा करदोडा होता. तुमच्याही कमरेला असेल कदाचित. आमच्याकडे बाप्या माणसाची कंबर कधी रिकामी ठेवत नाहीत. जुना काढायच्या आधी नवा बांधतात. कात्रीनं तोडतात तो एकदाच, माणूस गेल्यावर. कुणीतरी घाईत, न विचारता, तो कात्रीनं कापला. गेणबा जमिनीवर पडलेल्या दोऱ्याकडे बघत राहिले. "जित्तेपनीच तोडला व्हय माझा," एवढंच ते म्हणाले. त्यांनी धोतर नेसलं आणि ते निघून गेले. ते परत आले नाहीत. चार महिन्यांनी ते गेल्याची बातमी आली. त्या दिवशी सिस्टरांनी मला कपाटातून काढलं आणि पुन्हा खिळ्याला टांगलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच गावातून जालिंदर आप्पा आले. झेंडूचे शेतकरी, वय अडुसष्ट. लघवीतून रक्त जात होतं, तर आप्पांनी ठरवलं की उष्णतेनं उन्हाळी लागली. आठ महिने धण्याचं पाणी पीत राहिले आणि बायकोलाही कळू दिलं नाही. आता डॉक्टरांनी ऑपरेशनची बारा दिवसांनंतरची तारीख दिली होती. आणखी उशीर झाला तर हाताबाहेर जाईल, असं स्पष्ट सांगितलं होतं. सोबत बायको धुरपदाबाई होत्या आणि रांजणगावच्या कंपनीतून रजा काढून आलेला मुलगा भारत. "दवाखान्यात धोतर बरं दिसत नाय," म्हणून भारतनं वडिलांना स्वतःची नाडीची पॅन्ट घातली होती. सिस्टरांनी आप्पांना बसवून, वाकवून, पॅन्टची नाडी चुकवून पोटावर पेनानं खूण केली. माझं बोंड उसवून नेमकं त्याच जागी टाचलं आणि मला चार दिवसांसाठी आप्पांच्या घरी पाठवलं. चूक इथंच झाली होती. ती कुणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही नाही.

मी अनेक पोटांवर बसलो आहे, पण इतका भ्यालेला माणूस पाहिला नव्हता. आप्पांनी विडी सोडली. फुप्फुसांच्या व्यायामासाठी दिलेल्या तीन गोळ्यांच्या डबीतून दम लागेपर्यंत श्वास ओढला. सिस्टरांनी सांगितलं म्हणून झेंडूच्या सरींमधून सकाळ-संध्याकाळ चालले. पण चालता चालता मध्येच थांबायचे आणि मला वरून दाबून बघायचे. "वास यील का गं? मान्सं उठून जातील का जवळनं?" असं पुन्हा पुन्हा विचारायचे. धुरपदाबाई म्हणायच्या, "पाणी हाय त्यात. पाण्याला कसला वास?" आप्पा म्हणायचे, "आज पाणी हाय."

तीन दिवस ते पॅन्टवरच राहिले. चौथ्या दिवशी दुपारी फुलांच्या गाडीबद्दल बोलायला शेजारची चार माणसं आली, तेव्हा आप्पांनी नेहमीसारखं धोतर नेसलं आणि ओट्यावर बसले. धोतराची गाठ बरोबर माझ्या बोंडावर आली. बसताना ती आवळली, पिशवी सुटली आणि धोतर मांडीपर्यंत भिजलं. नळाचं स्वच्छ पाणी होतं, मित्रांनो. पण माणसं गप्प झाली आणि एकेक करून उठली. आप्पांनी आत येऊन मला सोडलं आणि कोपऱ्यात भिरकावलं.

"म्या येत न्हाई. गेणबाचा करदोडा तोडला, चार म्हैन्यांत गेला. माझा बी तोडत्याल. मरायचंच आसंल तर कोरड्या धोतरात मरीन."

त्या कोपऱ्यात मला फार भीती वाटली. तारीख आठ दिवसांवर आली होती. हा माणूस माझ्यामुळे मरणार, असं मला वाटलं.

धुरपदाबाईंनी सिस्टरांना फोन लावला. सगळं ऐकून सिस्टरांनी विचारलं, "काकू, आप्पा घरी काय नेसतात?"

"धोतार. जनमभर धोतारच."

"मी विचारलंच नाही हो. चूक माझी आहे. त्यांना उद्या धोतर नेसवूनच आणा."

फोन ठेवून बाईंनी मला उचललं, झटकलं आणि चक्क स्वतःच्या लुगड्यावर बांधलं. पिशवी चिकटवली, पाणी भरलं आणि भाकरी थापायला बसल्या. आप्पा बघत राहिले.

"आगं, काय येडी झाली का?"

"मला न्हाई लाज वाटत. तुमास्नी वाटती तर मीच बांधून हिंडते. गावात बी जाते." भाकरी तव्यावर टाकून त्या रडायला लागल्या. "तुमी न्हाई ऱ्हायलात तर मी भांडू कुनासंगं?"

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. धोतरात. सिस्टरांनी त्यांना बसवलं, फुलं तोडायला वाकतात तसं वाकवलं, गाठ मारायला लावली. नवी खूण गाठीच्या वर तीन बोटं आली, आप्पांना मान वाकवली की दिसेल अशी. मग सिस्टरांनी आप्पांच्या कमरेच्या दोऱ्याकडे बोट केलं.

"आप्पा, ऑपरेशनच्या वेळी हा अंगावर चालत नाही. तुम्हाला न सांगता कुणी हात लावणार नाही. पण काढावा लागेल."

आप्पा उठूनच उभे राहिले. धुरपदाबाईंनी त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "तोडायचा न्हाई. सोडायचा. आन् कंबर रिकामी ठेवायची न्हाई. ह्याला बांधू. चार दिस अंगावर वागवलंय, ही बी तुमचीच कंबर." आप्पा दोरा चाचपत परत खाली बसले. शेवटी त्यांनी होकाराची मान हलवली.

ऑपरेशनच्या सकाळी ती जुनी गाठ काही केल्या सुटेना. वर्षानुवर्षांच्या घामानं ती दगड झाली होती. बाईंनी नखं लावली, दात लावले. बाहेरून दोनदा हाक आली. तिसऱ्यांदा एक जण कात्री घेऊन आला, तेव्हा सुमैया सिस्टर दार पाठीनं अडवून उभ्या राहिल्या. "थांबा म्हटलं ना!" त्यांचा इतका चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. वीस मिनिटांनी गाठ सुटली. दोरा अजून कोमट होता. बाईंनी तो माझ्या कमरेला बांधला, आणि आप्पांना घेऊन गेले.

मग मी खिळ्याला आणि बाई माझ्याखाली फरशीवर. सहा तास गेले. त्या सहा तासांत मी काय काय मनात आणलं ते सांगवत नाही. आप्पा आले नाहीत तर हा दोरा कुणी सोडायचा? की तो कायम माझ्यावरच राहणार? कापसाला घाम येत नाही म्हणतात, पण मला आला. बाई मधूनमधून हात वर करून दोरा चाचपायच्या. त्यांची बोटं गार होती.

सातव्या तासाला सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "काकू, झालं. बोलले. तुमचं नाव घेतलं." बाई उठल्याच नाहीत. पदर तोंडावर घेऊन तिथंच बसल्या.

बारा दिवसांनी आप्पा चालत खोलीत आले. धोतर कोरडं होतं आणि कमरेला, खुणेच्या पार वर, नवा करदोडा होता. बाई माझ्यावरचा जुना सोडायला लागल्या, तर आप्पांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे त्याला. फुडचा मानूस भ्याला तर दावा, शिस्टर. म्हनावं, सोडला व्हता, तोडला न्हवता."

मित्रांनो, तुमच्या घरातली मोठी माणसं दुखणं लपवतात. लघवीतून रक्त जात असेल तर ते उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. नेताना त्यांना त्यांच्याच कपड्यांत न्या, आणि त्यांच्या अंगावरच्या कशालाही विचारल्याशिवाय हात लावू नका. माझ्या शिवणी आता उसवत आल्या आहेत. तरी रोज कुणीतरी मला बांधतं, आणि बोंडाकडे बघायच्या आधी त्याची बोटं त्या काळ्या दोऱ्यावर येऊन थांबतात. तो विचारतो, "ह्यो कुनाचा?" सिस्टर सांगतात, "कवठ्याच्या आप्पांचा. काल झेंडू घेऊन तळेगावच्या बाजाराला गेले होते."