हात स्वस्त झाले तो दिवस

मी एक जुने लाकडी पीप आहे, मित्रांनो. आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, डोंगरांच्या कुशीतल्या धक्क्यावर माझे तारुण्य गेले. फळ्या वाकवून, त्यांना लोखंडी कडी घालून मला घडवले आणि बायकांच्या रांगेत उभे केले.

तिथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. त्या न संपणाऱ्या उजेडात हेरिंग मासळी धक्क्यावर ओतली जाई, आणि समुद्राचीच चांदी वितळून वर आल्यासारखे वाटे. बायका मासळी साफ करत आणि मीठ पेरत माझ्यात थर लावत. तळाचा थर लावताना त्या इतक्या वाकत की त्यांचे गुणगुणणे माझ्या पोटात घुमे. ते अजूनही मला स्वप्नात ऐकू येते. पीप भरले की मुकादम त्या बाईच्या बुटात पितळी बिल्ला टाकी. जितके बिल्ले, तितकी मजुरी.

मला भरणाऱ्या दोघी होत्या. हाल्फ्रीदुर वयाने सर्वांत मोठी, तर गुड्नी तरुण विधवा, घरी तान्हे मूल असलेली.

एका वर्षी मासळी इतकी आली की पाणी दिसेना. तेव्हा मालक आउसग्रीमुर धक्क्यावर आला.

"बायांनो, मासळी उतू चाललीय, भाव कोसळलाय. आजपासून मजुरी निम्मी."

हाल्फ्रीदुरने सुरी पुसली. "मासळी ढीगभर आली, पण आमचे हात तेवढेच आहेत ना? मग ते कसे हो स्वस्त झाले? की तेही जाळ्यात सापडतात?"

बायका खळखळून हसल्या. मालक लाल झाला. "मग बसा! बघतो किती वेळ बसता ते."

"बसतोच की," म्हणत ती माझ्या झाकणावर बसली. सगळ्याच बसल्या. ढिगावरची चांदी हळूहळू काळवंडू लागली. गुड्नी बुटातले बिल्ले चाचपत होती. बिल्ला नाही म्हणजे बाळाला दूध नाही, हे मला तिच्या श्वासातून कळत होते.

इतक्यात समोरच्या किनाऱ्यावरून एक होडी आली. नावाडी ओरडला, "आमच्याकडे हात कमी पडलेत! जुनीच मजुरी मिळेल. पण तरण्याताठ्या तेवढ्याच चला!"

"जा गं गुड्नी," हाल्फ्रीदुर म्हणाली. "लेकरू आहे तुला. माझा विचार करू नकोस."

गुड्नीने एक पाय होडीत टाकला आणि मागे वळून विचारले, "मावशीला घेता का?"

"म्हातारीला? नको बुवा."

"ती भरते ते पीप काय अर्धं असतं? आणि माझे हात काय जन्मभर असेच राहणार आहेत?" तिने पाय परत घेतला. तिच्यामागून कुणीच होडीत चढले नाही.

नावाड्याने डोके खाजवले. "बरं बाई, सगळ्याच चला! मासळी उन्हात पडलीय तिकडे."

ते ऐकून मालक धापा टाकत धावला. "अगं थांबा! जुनी मजुरी देतो!"

"जुनी तर समोरही मिळतेय," हाल्फ्रीदुर शांतपणे म्हणाली.

मालकाने ढिगाकडे पाहिले, मग होडीकडे. "बरं, वाढवून देतो. तरणी असो की म्हातारी, सगळ्यांना सारखीच. पण उठा आता!"

त्या दिवशीचे गाणे मात्र गुणगुणणे नव्हते. डोंगरांनीसुद्धा ते परत म्हटले.

पुढे काही वर्षांनी मासळी या समुद्राकडे फिरकेनाशी झाली. धक्का ओस पडला. मालकाने होड्या विकल्या, बायका पांगल्या. जाताना गुड्नीने मला मागून घेतले. आता तिच्या अंगणात मी पावसाचे पाणी धरतो, आणि माझ्यात ढग तरंगतात.

मित्रांनो, पीप कोरडे पडले की फळ्या आकसतात आणि सुटून जातात. म्हणून कुठे एखादे रिकामे पीप दिसले, तर त्यात ओंजळभर पाणी जरूर घाला. आणि बाजारात काही फार स्वस्त मिळाले, तर घरी नेण्याआधी एवढेच विचारा, की ते स्वस्त करताना कुणाचे हात स्वस्त केले?