कांदेनवमीचे रोल

झाशीच्या रेल्वे कॉलनीत मालगाडीचे गार्ड मधुसूदन गोरे यांच्या घरी एक चिनी मातीची बरणी होती, आणि तिच्याकडे बघून त्यांच्या आईने, भानुमतीमाईंनी, वर्षानुवर्षं नाक मुरडलं होतं. बरणीत खमीर होतं, पाव फुगवायचं आंबवलेलं पीठ. पीटर्स ड्रायव्हरची बायको विलायतेला जाताना ते मधुसूदनला देऊन गेली, आणि कांद्याचे रोल कसे भाजायचे तेही शिकवून गेली.

माईंच्या घरात पाव येत नसे. पाव पायांनी तुडवतात, पाव खाल्ला की माणूस बाटतो, हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलेलं. मधुसूदन म्हणायचा, "माई, बाटवतो तो बाजारचा. हा मी मळलाय, स्वतःच्या हातांनी. तुझ्याच पोटचा ना मी?" त्यावर माई म्हणत, "अंगणात काय घालायचा तो गोंधळ घाल. माझ्या चुलीला शिवायचं नाही."

मग तो अंगणात पत्र्याच्या पेटीखाली शेगडी ठेवी, झाकणावर निखारे पसरी, आणि रविवारी साधे रोल भाजी. कांद्याचे मात्र कांदेनवमीला. पुढे आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की घरातला कांदा चार महिने बंद. तेव्हा जाता जाता पोटभर खाऊन घ्यायची ही सोय पूर्वजांनीच करून ठेवलेली. टोपलीभर रोल गार्डांच्या विसाव्याच्या रनिंग रूममध्ये जायचे. सिंधूचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, काम एवढंच की कांदा चिरायचा आणि बरं झालंय म्हणायचं.

फाल्गुनात मधुसूदन न्यूमोनियाने गेला. दवाखान्यात शेवटचं काही शहाणपणाचं बोलेल म्हणून माई कान देऊन बसल्या होत्या, तर हा बायकोला म्हणाला, "बरणीला उपाशी ठेवू नकोस."

पोटी मूल नव्हतं. सिंधू रोज सकाळी बरणीत मूठभर मैदा आणि कोमट पाणी घाली. दुपारपर्यंत आत बुडबुडे येत, तोंडावरचं फडकं वर उचललं जाई. त्याच्या हाताने कालवलेलं तेवढंच काय ते घरात जिवंत राहिलं होतं. शेजारची चंपा चेष्टेने विचारी, "जेवलं का गं तुझं बाळ?" सिंधू सांगे, "जेवलं. आज जरा आंबट तोंड करून बसलंय."

माईंनी कुंकवाबरोबर कांदाही सोडला होता, तरुणपणीच. आता सिंधूनेही सोडला. तिला कुणी सांगितलं नाही. सांगावं लागत नाही, हीच तर त्या घराची शिस्त.

कांदेनवमीच्या आदल्या दिवशी तिवारी गार्ड फाटकापाशी घुटमळले. "भाभीजी, कल वो... नहीं, कुछ नहीं. गोरे साब की याद आ गई."

"कल आइए," सिंधू म्हणाली. "सबको लेकर आइए."

माई आतून म्हणाल्या, "पहिलं वर्ष आहे. सणवार नाही करायचे."

"हा कुठे सण आहे, माई? ही खादाडांची पळवाट." हे मधुसूदनचंच वाक्य होतं.

सबको म्हणजे किती, हे तिने विचारलंच नव्हतं. म्हणून मैदा दुप्पट घेतला, आणि त्याला पुरावं म्हणून खमीरही सगळं घेतलं. दूध, मीठ, चिमूटभर साखर, तूप. चंपा कांदा चिरायला येते म्हणाली, पण सिंधूने विळी सोडली नाही. रडायला तिला निमित्त लागत नव्हतं, पण मिळालेलं कोण सोडतं? कांदा तुपात बदामी परतला, पीठ फुगून परातीबाहेर डोकावलं, तिने पोळीसारखं लाटून कांदा पसरला, वळकट्या केल्या, तुकडे कापले. पेटी तापेपर्यंत रिकामे हात बरे दिसेनात, म्हणून बरणी राखेने घासून, कढत पाण्याने विसळून अंगणात पालथी घातली.

दुपारी ओसरीवर माणसं बसली. वास रुळांपर्यंत गेला असावा, कारण दोघे तर न बोलावताच आले.

"भाभीजी," तिवारी भरल्या तोंडाने म्हणाले, "गोरे साब से भी बढ़िया! बुरा मत मानना भैया," आणि त्यांनी वर आभाळाकडे बघून हात जोडले. सगळे हसले. फाल्गुनानंतर पहिल्यांदाच सिंधूही हसली.

चंपा बोटं चाटत म्हणाली, "ए सिंधू, उद्या मला थोडं खमीर दे हं. मीही करून बघते."

"देते की," सिंधू म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

मीठ घालायच्या आधी मधुसूदन लिंबाएवढा गोळा काढून बरणीत परत टाकायचा. दर वेळी. तिने शंभरदा पाहिलं होतं, पण तिच्या हाताला ते माहीत नव्हतं. तिचा हात फक्त कांद्याचा. दह्याचं विरजण राखायला जी बाई जन्मात चुकली नव्हती, तिने खमीर शेवटच्या थेंबापर्यंत मळून, लाटून, भाजून लोकांच्या पानात वाढलं होतं.

तिने परातीला हात लावला. परात लखलखीत. मग टोपलीतला एक रोल उचलून मधोमध फाडला. मग दुसरा. पेटीच्या कोपऱ्यातले तरी कच्चे राहिले असतील, आत बोटभर ओलं पीठ असेल.

"क्या हुआ, भाभीजी?"

"कुछ नहीं. कच्चा तो नहीं रहा, देख रही हूँ."

एकही कच्चा नव्हता. पहिल्याच खेपेला तिने सगळे रोल अगदी नेमके भाजले होते.

चंपाला उमगलं. ती हळूच म्हणाली, "अगं, सदर बाजारातल्या नानबाईकडे, त्या पाववाल्याकडे मिळतं की. खमीर म्हणजे खमीर."

"हो," सिंधू म्हणाली. चंपा चांगली बाई होती, तिच्यावर रागावण्यात काय अर्थ!

माणसं गेली. सिंधू ओसरीवर फाडलेल्या रोलांच्या ढिगापाशी बसली. एक अर्धा तिने उचलला, आणि काही न ठरवता खाल्ला. कांद्यासकट. मग दुसरा अर्धा. ती रडत होती आणि चावत होती, आणि दोन्ही एकदम नीट जमत नव्हतं.

माई दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. आता बोलतील, म्हणून सिंधूने मान खाली घातली.

माई खाली बसल्या. भिंतीला टेकून, पाय लांब करून, कधी बसत नसत तशा.

"कसा लागतो?" त्यांनी विचारलं.

सिंधूला आधी कळलंच नाही.

"एवढी वर्षं करायचा. मी कधी विचारलंसुद्धा नाही त्याला. कसा लागतो गं?"

"आधी थोडा आंबट," सिंधू म्हणाली. "मग... कांदा गोड लागतो. खालून जरा खरपूस."

"आंबट," माई म्हणाल्या. "बरं."

त्यांनी हात पुढे केला. टोपलीच्या तळाशी न फाडलेला एक राहिला होता, तो सिंधूने त्यांच्या तळहातावर ठेवला. माईंनी तो तोंडाकडे नेला नाही. दुसरा हात वरून झाकला, आणि जणू कुणाला जाग येऊ नये अशा आवाजात म्हणाल्या,

"अजून ऊन आहे गं हा."