चौदा नंबरची पेटी

मी चौदा नंबरची मधमाश्यांची पेटी बोलतेय. घाबरत बोलतेय. माझ्या पोटात माश्यांच्या अळ्या सडताहेत, आणि ज्याने हे केलं तो म्हातारा बाहेर उभा आहे.

स्लोव्हेनियातल्या या टेकडीवर नेझा नावाच्या पोरीने मला घडवून घेतलं, दर्शनी फळीवर पिवळा कोंबडा रंगवला. कुट्टू या धान्याच्या शेतीमागचं डोकंही तिचंच. फवारणी बंद, फुलांवर आमच्या माश्या, आणि सहा घरांचं पीठ-मध एकाच नावाने बाजारात. शहरात गेलेली दोन बिऱ्हाडं त्यावर परत आली. तेव्हा तिला हसणारे म्हातारे आता पाहुण्यांना शेत दाखवत मिरवतात.

मग शेजारचा मातेव वारला. आमच्या गावी माश्या पाळणारा गेला की त्याचा मित्र पेट्यांवर टकटक करून माश्यांना सांगतो, "तुमचा धनी गेला." आणि आठवण म्हणून एक पोळं घरी नेतो. नेझाच्या आजोबांनी, ओझ्बेंनी, ते आणून गुपचूप माझ्यात बसवलं. परकं पोळं आधी वेगळं ठेवून तपासायचं, हे त्यांना साठ वर्षं ठाऊक आहे. पण मेलेल्या मित्राचं पोळं तपासणं म्हणजे अपमान म्हणे!

आज सकाळी नेझाने माझं मागचं दार उघडलं आणि नाक दाबलं. अळीच्या एका घरात काडी खुपसून तिने हळूच ओढली. तपकिरी चिकट तार बोटभर लांब निघाली. अळ्या सडवणाऱ्या साथीच्या रोगाची ही खूण, आणि त्यावर पेटी जाळण्याशिवाय उपाय नाही.

"आजोबा, चौदात काय घातलंत?"

"मातेवचं पोळं. त्याला रोगट म्हणालीस तर याद राख."

"सडलंय ते!"

"हळू बोल! सरकारी तपासनीस आला तर सगळं जाळेल. फुलोरा संपेपर्यंत झाक की."

"तोवर सगळ्या पेट्यांत जाईल. मग सहा घरांनी काय खायचं, तुमची मैत्री?"

 आयुष्यभर दुसऱ्यांना अक्कल शिकवणारा म्हातारा बाजूला सरकला.

आणि माझ्या पुढच्या दाराशी शेजारच्या तेरा नंबरच्या पेटीतल्या माश्या घुटमळू लागल्या. माझा मध लुटायला. तो नेला की रोगही नेतील.

नेझाने चिखलाने माझं पुढचं दार लिंपलं आणि तपासनिसाला फोन लावला. बोलेना मात्र. 

नेझा, मी लाकूड आहे. आगीच्या नुसत्या विचाराने माझे सांधे करकरतात. आत माश्या अजून गुणगुणताहेत, त्यांना काहीच कळलेलं नाही. तरी बोल, पोरी. खड्डा खोल खण. आणि मला आजच जाळ, तेरा नंबर वाचू शकते तोवर.