राळ लावलेली टाट्रा

परशुराम कोळ्याच्या गाडीला ठाण्याच्या कोपरीत कुणी सरळ नावाने हाक मारली नाही. कुणी तिला उलटी गाडी म्हणे, कुणी कासव. पुढचं बोनेट उघडावं तर आत सामान ठेवायची जागा, आणि इंजिन बघायचं तर मागे जावं लागे. रेडिएटर नाही, पाणी ओतायची भानगड नाही. मागच्या फटींतून वारा आत शिरायचा आणि तोच इंजिन थंड ठेवायचा. ही चेकोस्लोव्हाकियाची टाट्रा तिकडे म्हणे मंत्र्यासंत्र्यांच्या दिमतीला असे. इथे ती ठाण्यातल्या एका कारखान्यात आलेल्या चेक साहेबाकडे होती आणि परशुराम त्याचा ड्रायव्हर. पुढे तिकडचं राज्य पालटलं, साहेबाला परत बोलावणं आलं. असली विचित्र गाडी घ्यायला कुणी पुढे येईना, तेव्हा साहेबाने जाताना किल्ली परशुरामाच्या हातात ठेवली. "हवा बंद नहीं करना," एवढंच त्याने बजावलं.

गाडी दारात आली त्या दिवशी परशुरामाने एकुलत्या एका पोरीला, जनीला, शब्द दिला : सासरी जाशील ती हिच्यातनंच. बायको शेवंती कपाळावर हात मारून म्हणाली, "कोळ्यांच्या दारात होरी असते, आमच्या दारात हत्ती!"

परशुरामाचा थोरला भाऊ धाकू होड्या दुरुस्त करायचा. पावसाआधी फळ्यांमधल्या फटींत कापूस ठासायचा आणि वरून राळ-तेलाचा कोमट लगदा अंगठ्याने दाबून बसवायचा. त्याने बुजवलेल्या होडीत थेंब शिरत नसे. पण खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, मासळी गेली, होड्या चिखलात पालथ्या पडल्या. धाकूला कुणी बोलावेना. बायको नाही, मूल नाही. भावाच्या ओट्यावर बसून तो दिवस काढी आणि पानात पडेल तेवढं मान खाली घालून खाई. दुसऱ्यांदा भात कधी मागत नसे.

त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात जनीचं लग्न निघालं. मुलगा कल्याणच्या रेतीबंदरचा. हळदीच्या दिवशी परशुराम मांडवाच्या धांदलीत होता आणि गाडीच्या राखणीला होता धाकू. लग्नाच्या सकाळी धाकू नवी टोपी घालून आला आणि गालातल्या गालात हसत म्हणाला, "तुझ्या गारीचा मी काम केलाय. पाऊस तोंडावर हाय ना रं. मंग कलंल तुला."

परशुरामाला वाटलं, धुतली असेल, लिंबू-मिरची बांधली असेल. त्याचं सगळं लक्ष फुलवाल्याकडे होतं. मागे एक झेंडूसुद्धा लावायचा नाही, वारा अडतो, म्हणून तो त्या बिचाऱ्यावर ओरडत होता.

संध्याकाळी नवरा-नवरीला मागे बसवून तो निघाला. मुंब्र्याला राळेचा वास आला. मांडवात धूप घातला होता, कपड्यांना लागला असेल, असं त्याला वाटलं. शीळफाट्याच्या पुढे इंजिन खरखरलं, एक आचका दिला आणि बंद पडलं. पुन्हा काही ते हललं नाही. मागून भांड्याकुंड्यांचा टेम्पो येत होता, त्यातून जनी सासरी गेली. चढताना डोळे पुसत म्हणाली, "जाऊ द्या आबा. तुमचा काय दोष?"

टेम्पो गेल्यावर परशुरामाने मागचं झाकण उघडलं. एकूण एक फट कापसाने ठासलेली. वर राळ, तीही गाडीच्या काळ्या रंगात मिळवलेली. उष्णतेने ती ओघळली होती, पण कडेला अंगठ्याचे ठसे तसेच होते. ते ठसे त्याने लहानपणापासून होड्यांवर पाहिले होते.

"हात झडले पाहिजेत याचे!" तो भर रस्त्यात ओरडला. मग तिथेच खाली बसला आणि रडला. इतक्या वर्षांत धाकूने पहिल्यांदा काम केलं होतं, आणि किती निगुतीने केलं होतं.

सकाळी ट्रकला बांधून गाडी घरी आणली. वाटभर परशुराम धाकूला काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होता. धाकू ओट्यावर बसला होता, टोपी अजून डोक्यावर.

"पानी शिरला नाय ना रं आत?"

परशुराम त्याच्या शेजारी ओट्यावर टेकला.

"थेंब नाय शिरला, दादा."

"मंग बंद कशी परली?"

"म्हातारी झालेली. तिचा वखत भरला."

धाकूने समाधानाने मान हलवली. दुपारी जेवताना पान पुढे सरकवून म्हणाला, "शेवंती, अजून भात वार गो." शेवंती बघतच राहिली.

नौपाड्यातला मेकॅनिक येऊन बघून गेला. म्हणाला, इंजिन खोलता येईल, पण सामान कुठून आणणार? तो देशच आता फुटला.

गाडी खाडीच्या कडेला उभी राहिली. पुढच्या मे महिन्यात धाकू कापूस घेऊन आला. वर्षभरात त्याची नजर पार अधू झाली होती. "पाऊस येल आता. गारीची राल सुटली असंल."

परशुरामाने स्टोव्ह पेटवला, राळ कढवली, तेल घालून कालवली आणि डबा घेऊन भावाशेजारी बसला.

"फट कुठं हाय रं? दिसं नाय."

परशुरामाने त्याचा अंगठा धरला आणि फटीवर नेऊन ठेवला.

"हितं, दादा. दाब नीट."