डंकावरची कॉफी

लग्नाच्या मांडवात आक्काने शब्द दिला नसता, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण भरल्या मांडवात गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. मुलीची पाठवणी करताना धारवाडचे व्याही नृसिंहराव हात जोडून एवढंच म्हणाले, "पद्मजा काही मागणारी पोर नाही. फक्त सकाळी तिला ताज्या भाजलेल्या बियांची कॉफी लागते. तेवढं बघा."

त्यावर आक्का कडाडली, "बघा काय, पावणं? आमच्यात तुमच्या पोरीला काय कमी पडायचं न्हाय! तेवढी कॉफी जमली न्हाय, तर आषाढात तिला न्यायला याल, तवा परत धाडूच नका!"

वऱ्हाड हसलं. नवरदेव वसंत तेवढा हसला नाही. बायको मिळून धड तास झाला नव्हता आणि आईने ती पणाला लावून टाकली होती.

मंगळवार पेठेतल्या त्या घरात चहाशिवाय कुणी काही पीत नसे. कॉफी म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला द्यायची चीज. आक्काने ती जन्मात तोंडाला लावली नव्हती. नवी सून मुकाट्याने चहा पिई आणि दुपारी डोक्याला फडकं बांधून बसे. ते फडकं दिसलं की आक्काला आपला मांडवातला शब्द आठवे.

ती तडक लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेली. दुकानदाराने कॉफीचा डबा पुढे सरकवला.

"ही कवा भाजलीया?"

"मला काय म्हाईत, आक्का? कंपनीनं भाजलीया."

"कंपनीच्या हातचं घ्यायला माझी चूल काय इझलीया?"

आणि ते खरंच होतं. वर्षाची चटणी, हळद, मसाले, सगळं कच्चं आणायचं आणि आपल्या हाताने करायचं, यात आक्काचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. तिने गडमुडशिंगीच्या ज्ञानूला गाठलं. तो गुळाचा ट्रक घेऊन मंगळूरकडे जात असे. पुढच्या खेपेला त्याने पिशवीभर बिया आणून दिल्या.

"कवळ्या आणल्यास व्हय रं मुडद्या? हिरव्या हायत की ह्या!"

"आशाच आसत्यात, आक्का. भाजल्यावर काळ्या व्हत्यात."

भाजायचं म्हटल्यावर आक्काला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने बियांना गच्चीवर चांगली कडक उन्हं दाखवली. मग चटणीच्या मसाल्यासारखा तेलाचा हात लावून त्या कढईत खमंग परतल्या. पद्मजाने "आक्का, तेल..." म्हणून तोंड उघडलं, तर "तू बस गं, नवी नवरी हायस," म्हणून तिला गप्प केलं. तिथून स्वारी निघाली डंकावर, मिरच्या कुटायच्या गिरणीत. दिवस चटणीचे. गल्लीतल्या बयाबाईची लवंगी मिरची नुकतीच कुटून निघाली होती. डंकवाल्या झुंबरबाईने उखळावरून फडकं फिरवलं आणि त्यातच कॉफी कुटून दिली. घरी आल्यावर आक्काने पूड बरणीत दाबून भरली, चटणीत घालतात तसा टिकायला हिंगाचा चांगला मोठा खडा घातला आणि वर दादऱ्याचं फडकं बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीच्या दाट दुधात कॉफी उकळून तिने कप सुनेपुढे धरला. पद्मजाने घोट घेतला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"छान झाली आहे," ती कशीबशी म्हणाली.

आक्का गहिवरली. पोरीला माहेर आठवलं, असं ती गल्लीभर सांगून आली. मग रोज सकाळी कॉफी होऊ लागली आणि पद्मजाचं डोक्याचं फडकंही सुटलं. वसंतने एकदा चव घेतली आणि ठसका आवरत तो त्या दिवशी कचेरीला लवकर गेला. आईला सांगायची त्याची छाती नव्हती.

आषाढात नृसिंहराव मुलीला न्यायला आले. आक्काने खास म्हणून पूड दुप्पट घातली. पद्मजाच्याही हातात कप दिला. व्याह्यांनी पहिला घोट घेतला आणि त्यांची कानशिलं लाल झाली.

"कशी झालीया, पावणं?"

"धारवाडात... अशी मिळत नाही," ते म्हणाले. माणूस खोटं बोलणारा नव्हता.

आक्का खूश होऊन त्यांची पिशवी खुंटीला अडकवायला उठली आणि तिथेच थबकली. पिशवीतून काही वेगळाच वास येत होता. खमंग, गोडसर, खोलीभर पसरणारा.

"ह्यात काय हाय?"

"काही नाही हो. पद्मजासाठी थोड्या बिया. काल घरी भाजल्या."

आक्काने मूठभर बिया काढून हुंगल्या. मग तिने पद्मजाच्या हातातला अर्धा कप ओढून घेतला आणि जन्मात पहिल्यांदा कॉफीचा घोट घेतला. असा ठसका लागला, की शेजारची बनाबाई धावत आली. ठसका थांबल्यावर आक्काने व्याह्यांकडे पाहिलंच नाही. ती सुनेकडे वळली.

"ह्ये तू रोज पीत हुतीस?"

"तुम्ही माझ्यासाठी एवढ्या उन्हात केली होती ना," पद्मजा खाली मान घालून म्हणाली.

आक्काला लाज वाटली, वाईट वाटलं आणि पोरीविषयी पोटात माया दाटून आली. माया दाटली की काय करायचं, याची तिला एकच रीत ठाऊक होती. ती ओरडली.

"तोंड न्हाय व्हय तुला? ह्या घरात ऱ्हायाचं तर भांडाय याय पायजे! पावणं, घिऊन जावा पोरीला. माझा शबूद खोटा ठरला!"

दारातल्या वसंतचा चेहरा उतरला. नृसिंहराव काही बोलणार, तोच पद्मजा ताडकन उठली.

"घिऊन जावा म्हंजे? जाईन आन म्हैन्यानं परत येईन की!" तिचा आवाज पार गल्लीच्या टोकाला गेला. "आन आक्का, त्यो हिंगाचा खडा आधी भाईर काढा! कॉफीत हिंग घालत्यात व्हय कुणी?"

नृसिंहराव बघतच राहिले. धारवाडात या पोरीचा आवाज कधी शेजारघरीही ऐकू गेला नव्हता.

आक्का तोंडाला पदर लावून अजून खोकत होती, पण हसत होती.

"ऐकलंसा न्हवं, पावणं?" ती म्हणाली. "झाली की आमची! आषाढ सरला की धाडून द्या."