गोदावरीबाईंचं दही

नव्या रायपूरचे रस्ते एवढे रुंद काहून ठेवले, कधी विचार केलाय? मोटारींसाठी? छे! सात मजली यंत्रमाणसांना चालता यावं म्हणून. मी स्वतः त्यांच्या पायांमधून सायकल काढली आहे.

आकाशातून लोखंड खाणारे किडे उतरायचे, तेव्हा ही यंत्रं लढायची. आत बसायला सोळा-सतराचीच पोरं लागायची, कारण यंत्रं डिझेलवर नव्हे, आयुष्यावर चालायची. पितळी पाटीवर उजवा तळवा टेकवला की यंत्र त्यातून पोराचे दिवस ओढून घ्यायचं. लढाई जिंकायची, पण पोर जिवंत उतरायचं नाही. आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, भार्गव असाच गेला. त्याला ट्यूशनमधूनच उचललं; आई गोदावरीबाईंना भेटताही आलं नाही.

पुढच्या सोमवारी पोरं निवडायच्या सोडतीत माझ्या नातीची, देवश्रीची, चिठ्ठी निघाली.

"आबा, मुझे नहीं जाना," ती मला बिलगली.

"हिच्याऐवजी मी येतो," म्हणत मी गाडीत चढू लागलो. न्यायला आलेल्या हिरालालने मला वरून खाली न्याहाळलं.

"दादाजी, तुमच्या भरवशावर मशीन तेलीबांधा तलावापर्यंतही नाही जाणार!"

तेवढ्यात गोदावरीबाई वाटी घेऊन धावत आल्या. "थांब गं पोट्टी! माह्या भार्गवच्या हातावर दही घालाचं राहून गेलं. तू तरी तशी नको जाऊ."

त्यांनी तिच्या तळव्यावर भलामोठा गोळा ठेवला. रडत रडत तिने कसंबसं अर्धं चाटलं. हिरालालने हात धुवायला बाटली पुढे केली.

देवश्रीने मूठ मिटली. "नाही धुणार. काकूंनी दिलंय." कित्येक वर्षांनी पोरगी मराठीत बोलली.

आत तिने तोच दह्याचा तळवा पाटीवर टेकवला. यंत्राने ओढायला सुरुवात केली आणि त्याच्या तोंडी लागलं म्हशीचं घट्ट दही! मग आयुष्य कोणाला हवंय? तेवढ्या दह्यावर किडे चिरडून ते दुपारच्या आत परतलं. देवश्री शिडीवरून आपल्या पायांनी उतरली. एकच केस पांढरा झाला होता; तिने चाटलेलं दही कमी पडलं, तेवढंच आयुष्य यंत्राने घेतलं. आणि यंत्र? गोदावरीबाईंच्या दारात गुडघे टेकून, तळवा पसरून बसलं.

"आता या दांडग्याले रोज घालू काय?" त्यांनी विचारलं.

"घाला, बाई," मी हात जोडले. त्यांनी घातलं. त्यानंतर एकही पोर गेलं नाही.

देवश्री आता तिशीची आहे. तो केस ती रंगवत नाही. आमच्याकडे दही लागलं की पहिली वाटी ती गोदावरीबाईंकडे नेते. त्या आधी भार्गवच्या फोटोसमोर ठेवतात, मग चाखतात.

"आंबट झालं," दर वेळी म्हणतात, आणि वाटी चाटूनपुसून परत देतात.