आंबिलीच्या बशा

त्या साली आमच्या गावात ओल अशी दोनच ठिकाणी होती. एक, सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांच्या उसाच्या नव्या लागणीत. दुसरी, बायकांच्या शेडमध्ये. बाकी सगळं रान भाजलेल्या पापडासारखं. विहिरीत कळशी सोडली तर ती तळाला आपटायची आणि नुसता आवाज घेऊन वर यायची.

शेड म्हणजे हिरव्या जाळीचा मांडव. गावच्या बारा जणींनी फुलांची सहकारी संस्था काढली आणि त्या मांडवात ऑर्किडच्या चारशे कुंड्या मांडल्या. कुंडीत माती नाहीच. नारळाची सोडणं, कोळशाचे तुकडे आणि त्यांना बिलगून बसलेली पांढरी मुळं. पारावरची माणसं हसायची.

"मातीवाचून पीक म्हंजी नवऱ्यावाचून संसार!"

"तोबी लई झ्याक चालतो," संस्थेची अध्यक्षीण विमलबाई म्हणायची. "इचारा आमच्या बायनामावशीला."

बायनाबाई सत्तरीची. गळ्यात तुळशीची माळ, नारायणगडाची वारी कधी चुकली नाही, आणि ओठांवर कायम ओवी. जातं घरातून जाऊन वीस वर्षं झाली तरी ओवी काही गेली नाही. झाडांवर फवारा मारता मारता ती गायची:

*पयली माझी ववी, हिरव्या मांडवाच्या दारी*
*पान्याच्या दोन थेंबी, चारशे लेकी न्हात्या घरी*

ते थेंब टँकरचे. सोसायटीच्या वाट्यातून रोज दोन ड्रम शेडला मिळायचे, तेही विमलबाईनं सभेत भांडून मिळवलेले. सुंदररावांनी अट घातली होती, "संक्रांतीनंतरच्या सभेपोतर एक फूल दाखवा. एकच! न्हाई दिसलं तर ड्रम बंद." ड्रम बंद म्हणजे आठवड्यात चारशे झाडांची वाळून काडी.

त्यात दिवाळी सरताच बारातल्या दहा जणी ऊसतोडीला गेल्या. प्रत्येकीची कुंड्यांची एक रांग, रांगेवर खडूनं नाव. ट्रॉलीत चढताना भिवराबाईनं विमलबाईचा हात धरला होता. "माझ्या रांगेला लेकरावानी बघ गं. म्या तर फूल कसलं असतंय तेबी पाह्यलं न्हाई."

पौषात फुलांचे दांडे फुटले. कोवळे, हिरवे, वर माना काढून बघणारे. विमलबाई रोज मोजायची: साठ, सत्तर, ऐंशी. आणि एका सकाळी बघते तर वीस दांड्यांची डोकीच नाहीत. पानापानांवर रुपेरी रेघ, जणू कुणी चांदीच्या शाईनं सही करून गेलंय.

बायनाबाईनं एक सोडण उचललं. खाली गोगलगाय. तिच्या शेजारी तिची बहीण. त्यांच्या खाली साबुदाण्यासारखी अंडी, पसाभर.

"दुष्काळात ह्या आल्या कुठून?" विमलबाई कपाळाला हात लावून म्हणाली.

"सोडणातून आल्या असतील, झाडांसंगं. रोपं लांबून आली, तर पाठराखीण नको का संगं यायला?"

विमलबाईनं कृषी सहायक धर्मराज यांना फोन लावला. ते चांगले गृहस्थ, पण कायम दुसऱ्या गावात.

"सोपं आहे, ताई," ते म्हणाले. "उथळ बशा घ्या, जमिनीत काठाबरोबर पुरा आणि त्यात बिअर ओता. वासानं गोळा होतात."

"काय ओता?"

"बिअर. दारूतलीच, हलकी असते."

विमलबाईनं फोन कानापासून लांब धरला. दोन वर्षांपूर्वी गावात दारूच्या दुकानावर मतदान झालं होतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. हिनंच घरोघर फिरून आडवी बाटली निवडून आणली होती, आणि लिंबागणेशच्या गणपतीच्या पायरीवर हात ठेवून बोलली होती, "गावच्या शिवंत बाटली येऊ देनार न्हाई." त्या दिवशी सगळ्यांत जास्त रडला तो गावचा पट्टीचा पिणारा, गहिनीनाथ. नंतर तो सुधारला, ही गोष्ट वेगळी. पण रडला मनापासून.

तरी विमलबाई एसटीनं बीडला गेली. दांडे रोज चार-पाचानं कमी होत होते. स्टँडाजवळच्या दुकानासमोर ती अर्धा तास डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून उभी राहिली. शेवटी पुढं झाली.

दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी, मावशी?"

"गोगलगायींसाठी."

"असू द्या," तो समजूतदारपणे म्हणाला. "सगळे असंच कायतरी सांगतात."

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. "विमलबाई? तुमी? हितं?"

रिक्षातून सुंदरराव उतरत होते. पायरीवर ठेवलेला हात विमलबाईला आठवला, तळव्याला गार फरशी लागल्यासारखं झालं. ती काही न घेता वळली आणि मिळेल त्या एसटीत चढली. पण चेअरमनला जे दिसायचं ते दिसलं होतं. संध्याकाळपर्यंत पारावरही दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती तोंड पाडून शेडमध्ये आली. आत बायनाबाई कुणाला तरी फैलावर घेत होती.

"लाजा न्हाईत? म्हाताऱ्या बाईची न्याहारी खाता!"

काल ती आंबिलीचं गाडगं शेडमध्येच विसरली होती. ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं, रात्रभरात अजूनच आंबलेलं. झाकण तिरपं झालं होतं. आणि गाडग्याभोवती गोगलगायी अशा बसलेल्या, की नुसत्या पत्रावळी मांडायच्या राहिल्या होत्या. एक तर काठावर चढून आत वाकून बघत होती.

विमलबाईनं मोजल्या. सत्तावन्न.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "घरात बशा किती हायत?"

त्या दिवसापासून रोज सांजेला बशा भरायच्या. फुटक्या कानाच्या, फुलांच्या नक्षीच्या, भिवराबाईच्या लग्नातल्या. उजाडताच गोगलगायी वेचून बादलीत घालायच्या. पहिल्या दिवशी विमलबाई मिठाचा पुडा घेऊन आली. बायनाबाईनं तो काढून घेतला.

"माळ घातलीया म्या. मीठ लागलं की जीव तळमळतो बिचारीचा. मी सोडून येते त्यास्नी."

"कुठं?"

"जिथं वल हाय तिथं. जगतील बिचाऱ्या."

विमलबाईला दांडे मोजायचे होते, तिनं पुढं विचारलं नाही. बायनाबाई बादली डोक्यावर घेऊन रोज सकाळी गात गात निघायची:

*गोगलगायी बाई, घर तुझं तुझ्या पाठी*
*सासर बदल आता, हिरवं रान तुझ्यासाठी*

सभेच्या दिवशी अवघे अकरा दांडे उरले होते. सोसायटीच्या ओसरीवर जमलेली माणसं सुंदररावांनी थेट शेडकडं वळवली. ते आधी आत शिरले. वाकले. हुंगले.

"घ्या! ज्यांनी बाटली आडवी केली, त्यांच्याच मांडवात बशा पुरल्यात. वास घ्या की! बीडला दुकानापुढं मी सोता बघितलंय ह्यास्नी. फूल ऱ्हाऊ द्या, पंचनामा करा."

"आंबील हाय ती," विमलबाई म्हणाली.

"आंबील गोगलगायीला? लगीन हाय का तिचं?"

लोक हसले. विमलबाईनं मनात हिशोब केला. ड्रम जाणार, आणि वर हे बालंट.

"पारख करू की," मागून कुणीतरी ओरडलं. "गहिनीनाथाला बोलवा!"

गहिनीनाथ पुढं आला. टोपी सारखी केली. या विषयावर गावानं आपलं मत मागितलंय, याचा मान त्याच्या चालीतच दिसत होता. बायनाबाईनं गाडग्यातून वाटीभर आंबील दिली. त्यानं आधी रंग बघितला. मग वास घेतला. एक घोट तोंडात फिरवून डोळे मिटले.

"आंबील हाय," तो डोळे उघडून म्हणाला. त्याचा आवाज जरा दुखावलेला होता. "निव्वळ आंबील. अन् मीठ न्हाई."

हशा उसळला. त्या हशातच विमलबाईनं सुंदररावांना भिवराबाईच्या रांगेपाशी नेलं. तिथं एका दांड्यावर आदल्या दिवशी उमललेलं फूल होतं. जांभळं, मधे पांढरं, लेकरासाठी थापलेल्या चांदकीएवढं. भोवती एवढी माणसं बघून ते लाजलं असावं, जरा खाली वाकलेलं.

पारावरचे हसणारेही पुढं सरकून वाकले. गहिनीनाथानं टोपी काढली.

"एकच म्हनला होतात, चेअरमन," विमलबाई म्हणाली.

सुंदररावांनी खाकरून घेतलं. "म्हनलो होतो. ड्रम चालू ऱ्हातील."

विमलबाईनं फोटो काढून भिवराबाईला धाडला. थोड्या वेळानं फोन आला. पलीकडं उसाच्या पाचटाची सळसळ, आणि बराच वेळ नुसतं हुंदक्यासारखं हसू. "लई दिस टिकतंय म्हनं? त्याला म्हनावं, मी येईपोतर थांब."

माणसं पांगू लागली तसं सुंदररावांनी हात वर केला.

"थांबा. अजून एक इषय हाय." आता त्यांचा आवाज चेअरमनचा नव्हता, शेतकऱ्याचा होता. "माझ्या उसाच्या नव्या लागणीत गोगलगायी झाल्यात. कोंबच ठेवीनात. एवढ्या दुष्काळात आल्या कावून अन् कुठून, कुणाला ठावं हाय का?"

विमलबाईनं वळून रिकाम्या बादलीकडं बघितलं. बायनाबाईचा हात तुळशीच्या माळेवर गेला. तिनं एक मणी ओढला, दुसरा ओढला, आणि भरलेलं गाडगं उचलून चेअरमनच्या हातात दिलं.

"आंबील ठेवा, मालक. मीठ तेवढं घालू नगा."